डीप पर्पलचा बेस्ट अल्बम कुठला? आधी तो 'लाइव्ह चालणार नाही' नियम काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलेजातला चार जणांचा बँड, चौघंही डीप पर्पल या ब्रिटिश हार्ड रॉक बँडचे वेडे, आणि बेस्ट अल्बमवरून जुंपलीय. गिटारवाला मशीन हेड म्हणतो, ड्रमर इन रॉक म्हणतो, गाणारा बर्नवर अडून बसलाय, आणि ज्याने विचारलंय तो बेसवाला म्हणतो की मला सगळ्यात जास्त मेड इन जपान आवडतो पण आम्ही आधीच ठरवलंय की लाइव्ह अल्बम मोजायचा नाही, मग मी कुणाच्या बाजूने मत देऊ.

तर भावा, तू कुणाच्याच बाजूने देऊ नकोस, तुझंच बरोबर आहे. माझं मत मेड इन जपान पहिला, इन रॉक दुसरा, मशीन हेड तिसरा, आणि बर्न चौथा पण चौथा म्हणजे कमी नव्हे, त्याचं वेगळं सांगतो. मी गिटार शिकवतो आणि बँडचं लाइव्ह साउंड करतो, दोन्ही कामं बरीच वर्षं, त्यामुळे ही गाणी मी ऐकलीयेत त्यापेक्षा जास्त उलगडून बघितलीयेत, पोरांना शिकवताना आणि कव्हर बँडचा आवाज बसवताना. खाली जे लिहितोय ते त्या अनुभवातून.

आधी तो नियम. लाइव्ह अल्बम मोजायचा नाही हा नियम कुठून येतो? तो येतो लेड झेपलिनसारख्या बँडवरून. जिमी पेज स्टुडिओत एकावर एक गिटारचे थर रचायचा, गाणं तिथेच घडायचं, आणि स्टेजवर तो एकटा गिटारवाला ते सगळं कुठून आणणार? म्हणून झेपलिनचा बेस्ट अल्बम म्हणून 1976 च्या त्यांच्या लाइव्ह अल्बमचं नाव कुणी घेत नाही आणि ते बरोबरच आहे. ब्लॅक सबाथचंही तेच, पॅरानॉइड आणि मास्टर ऑफ रिअॅलिटी स्टुडिओतच पूर्ण झालेले आहेत, ऐकताना काही राहिलंय असं वाटत नाही. पण थिन लिझी घे, यूएफओ घे, किस घे, या बँडचं बघ, लाइव्ह अँड डेंजरस, स्ट्रेंजर्स इन द नाइट, अलाइव्ह हे काढून टाकले तर त्यांच्याबद्दल बोलायला अर्धंच उरतं. म्हणजे नियम सगळ्यांना सारखा लावता येत नाही, बँड काम कसं करायचा ते बघून लावायचा.

आणि पर्पल कसं काम करायचे तर स्टुडिओत गाणं फक्त सुरू व्हायचं. आपल्याकडे बंदिश चार ओळींची असते आणि राग उभा राहतो मैफलीत, तसाच प्रकार. गाणारा इयान गिलन, गिटारवर रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, बेसवर रॉजर ग्लोव्हर, ड्रमवर इयान पेस या पाच जणांच्या म्हणजे मार्क टू म्हणतात त्या दुसऱ्या लाइनअपच्या बाबतीत हे शंभर टक्के खरं आहे. 1969 मध्ये गिलन आणि ग्लोव्हर एपिसोड सिक्स नावाच्या बँडमधून आले आणि 1973 च्या जूनमध्ये दोघंही बाहेर पडले, म्हणजे चार वर्षं सुद्धा धड नाही, आणि त्या चार वर्षांत इन रॉक, फायरबॉल, मशीन हेड, मेड इन जपान आणि हू डू वी थिंक वी आर असे पाच रॉक अल्बम, शिवाय अगदी सुरुवातीला ऑर्केस्ट्राबरोबरचा कॉन्चेर्तो. सगळा काळ टूर चालूच. रेकॉर्डिंग हे दोन टूरच्या मधल्या फटीत उरकायचं काम होतं.

आता एकेक गाणं घेऊन सांगतो म्हणजे हवेत बोलतोय असं वाटणार नाही.

स्पेस ट्रकिन. मशीन हेडवर हे साडेचार मिनिटांचं गाणं आहे, मस्त रिफ (म्हणजे परत परत येणारा गिटारचा तुकडा), मस्त कोरस, संपलं. मेड इन जपानवर तेच गाणं जवळजवळ वीस मिनिटं चालतं, ओरिजिनल डबल एलपीची चौथी बाजू पूर्ण त्यालाच दिलेली. आता लोक म्हणतात की हे उगाच ताणलंय, तर तसं अजिबात नाहीये, नीट ऐक. मूळ गाणं संपल्यावर जो लांब वाद्यांचा भाग सुरू होतो तो खरं तर मॅन्ड्रेक रूटचा आहे, ते गाणं 1968 च्या पहिल्या अल्बमवरचं, ब्लॅकमोर, लॉर्ड आणि पेस ते तेव्हापासून स्टेजवर वाढवत आले होते, आणि 1972 मध्ये मॅन्ड्रेक रूट सेटमधून निघालं तेव्हा त्याचा तो भाग स्पेस ट्रकिनला जोडला गेला. मध्येच ब्लॅकमोर व्हॉल्यूमच्या नॉबवर बोट फिरवून गिटारचा आवाज व्हायोलिनसारखा काढतो, स्वर छेडल्याचा आवाजच येत नाही, नुसता स्वर फुगत येतो, तो तुकडा फायरबॉलवरच्या फूल्स गाण्यातला आहे. म्हणजे त्या एका बाजूवर 1968, 1971 आणि 1972 अशी तिन्ही वर्षं एकत्र आहेत. बँडचा सगळा प्रवास एका ट्रॅकवर बघायचा असेल तर हाच ट्रॅक, आणि हे स्टुडिओतल्या कुठल्याही अल्बमवर नाही.

हायवे स्टार. याची गंमत ही की हे गाणं जन्मलंच रस्त्यावर. सप्टेंबर 1971 मध्ये पोर्ट्समथला शोला जाताना बसमध्ये कुणीतरी विचारलं तुम्ही गाणी कशी लिहिता, ब्लॅकमोरने गिटार उचलली आणि एकच स्वर धरून वाजवायला लागला, गिलनने त्यावर शब्द टाकले, आणि त्याच रात्री ते स्टेजवर वाजवलंसुद्धा. मशीन हेडसाठी रेकॉर्ड झालं डिसेंबरमध्ये. स्टुडिओतला सोलो ब्लॅकमोरने आधी बसून रचला होता, जे तो एरवी करत नसे, बाखच्या वळणाची कॉर्डची चाल धरून, आणि त्यावर दुसरी गिटार डब करून सुरांची जोडी बांधली. शिकवायला हाच सोलो बेस्ट, माझ्याकडे येणारा प्रत्येक पोरगा तोच मागतो, त्यातून उजव्या हाताला शिस्त लागते. पण मेड इन जपानवर, म्हणजे ओसाकाच्या शोला, त्याच्याकडे दुसरी गिटार नाही, त्यामुळे तो तोच आराखडा घेऊन एकट्याने खेळतो, काही जागी जाणूनबुजून सोडून देतो, काही जागी घाई करतो, आणि खालून पेस आणि ग्लोव्हर त्याला इतकं घट्ट धरून ठेवतात की दुसऱ्या गिटारची आठवणच येत नाही. आधी स्टुडिओचा सोलो स्वर न स्वर बसव, मग मेड इन जपानचा ऐक, त्याने काय बदललं आणि का बदललं हे तेव्हा कळतं.

लेझीसुद्धा असंच, सात मिनिटांचं दहाच्या वर जातं आणि एकही मिनिट फुकट नाही. स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन तर सिंगल म्हणून तीन-चार मिनिटांचं साधं गाणं होतं, जपानमध्ये ते दहा मिनिटांच्या आसपास जातं आणि त्यात गिलन आणि ब्लॅकमोरची सवाल-जवाबासारखी जुगलबंदी आहे, गिटार एक तान टाकते, गळा तीच परत देतो, मग अवघड, मग त्याहून अवघड, शेवटी गिलन जी किंकाळी मारतो तिथे मी अजूनही काम थांबवून ऐकतो. हे दोघं वर्षभराच्या आत एकमेकांशी बोलेनासे झाले. तेव्हा ते वाजवण्यातून इतकं बोलत होते.

आता चाइल्ड इन टाइम. हे तुझ्या ड्रमरचं हुकमी पान असणार, इन रॉकचं, आणि दोन्ही रूपांत मला निवड करता येत नाही. या गाण्याचा मूळ तुकडा इट्स अ ब्यूटिफुल डे या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँडच्या बॉम्बे कॉलिंग नावाच्या वाद्यसंगीतावरून आलाय, हे बँडने कधी लपवलं नाही. आपल्याला या नावाचं अप्रूप वाटायला अजून एक कारण आहे, पर्पल 8 एप्रिल 1995 ला मुंबईत वाजवून गेले, नवा गिटारवाला स्टीव्ह मोर्स नुकताच आला होता, आणि त्या शोचं रेकॉर्डिंग पुढे याच नावाने निघालं, बॉम्बे कॉलिंग. आमच्या पिढीतले जे त्या शोला होते ते अजून त्याबद्दल बोलताना खुर्चीत पुढे सरकून बसतात. तर मुद्दा असा की इन रॉकवरचं दहा मिनिटांचं चाइल्ड इन टाइम स्टुडिओत जायच्या आधीच स्टेजवर पक्कं झालं होतं, सप्टेंबर 1969 मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलला लॉर्डचा कॉन्चेर्तो झाला त्या संध्याकाळी बँडने ते वाजवलं होतं, अल्बम आला जून 1970 ला. म्हणून ते स्टुडिओ रेकॉर्डिंग असूनही जिवंत आहे.

आणि इथेच इन रॉक मशीन हेडच्या वर का, ते येतं. कॉन्चेर्तोनंतर लोकांना वाटायला लागलं होतं की हा ऑर्केस्ट्राबरोबर वाजवणारा बँड आहे, ब्लॅकमोरला ते मुळीच नको होतं, त्याला एक असा अल्बम हवा होता की ज्यात शांत काहीच नाही. ऑक्टोबर 1969 ते एप्रिल 1970, शोच्या अधेमधे, लंडनच्या तीन स्टुडिओत तो झाला. सात गाणी. हा राग, ही घाई, सिद्ध करायची ही भूक पुढे परत आली नाही, कारण पुढे सिद्ध करायची गरज उरली नाही. हार्ड लव्हिन मॅन ऐक, तो धावता ठेका 1970 मध्ये फारसं कुणी वाजवत नव्हतं, पुढे दहा वर्षांनी ब्रिटनमधल्या अख्ख्या हेवी मेटलच्या पिढीने तोच उचलला. त्याच गाण्यावर कव्हरच्या आत मार्टिन बर्चचं नाव टाकलंय, उत्प्रेरक म्हणून. या माणसाबद्दल मला सविस्तर बोलायचंय.

मार्टिन बर्च हा साउंड इंजिनिअर. इन रॉकवर तो तीन इंजिनिअरपैकी एक होता, मग फायरबॉल, मशीन हेड, मेड इन जपान, बर्न, सगळीकडे तोच. पुढे रेनबो, सबाथचा हेवन अँड हेल, आणि 1981 पासून आयर्न मेडन, 2020 मध्ये गेला. जे लोक पर्पलचे अल्बम भांडताना फक्त ब्लॅकमोर ब्लॅकमोर करतात त्यांनी एकदा फक्त आवाज कसा बसवलाय ते ऐकावं. पर्पलचा प्रॉब्लेम काय होता? जॉन लॉर्डने हॅमंड ऑर्गन मार्शलच्या गिटार अॅम्पमधून वाजवायला सुरुवात केली, त्यामुळे ऑर्गनचा आवाज फाटून गिटारच्या जागेत घुसतो. आम्हाला कव्हर बँडचा साउंड करताना सगळ्यात जास्त घाम इथेच फुटतो, कीबोर्डवाला आणि गिटारवाला दोघंही मधल्या फ्रिक्वेन्सीत कचाकच, आणि गाणाऱ्याचा आवाज गायब. नवीन साउंडवाला काय करतो, ऑर्गन खाली ओढतो, झालं, पर्पल गेलं, उरला एक साधा गिटार बँड. बर्चने तसं कधी केलं नाही. त्याने दोघांना दोन बाजूंना बसवलं, एका कानात ऑर्गन, दुसऱ्या कानात गिटार, मध्ये गळा, बेस आणि ड्रम, आणि दोघांनाही पूर्ण आवाजात राहू दिलं. हेडफोन लावून मेड इन जपानवरचं लेझी ऐक, एक कान झाक, मग दुसरा झाक. दोन वेगळे बँड ऐकू येतील आणि दोन्ही भारी.

आणि हे त्याने आठ ट्रॅकच्या मशीनवर केलंय. ऑगस्ट 1972, ओसाकाला 15 आणि 16 तारखेला फेस्टिव्हल हॉल, 17 ला टोकियोचं बुडोकान. रेकॉर्ड कंपनीच्या जपानी शाखेला फक्त जपानपुरता लाइव्ह अल्बम हवा होता, बँडला फारसा उत्साह नव्हता, त्यांनी अट घातली की आमचा माणूस बर्चच रेकॉर्ड करणार आणि टेप आम्ही पास केल्या तरच निघणार. मिक्सिंगलासुद्धा पाचांपैकी ग्लोव्हर आणि पेस एवढेच फिरकले. अल्बमवरचं बहुतेक 16 तारखेचं आहे, स्मोक ऑन द वॉटर 15 चं, द म्यूल आणि लेझी टोकियोचे. नंतर स्टुडिओत काही भरलेलं नाही असं बँड कायम सांगत आलाय आणि कानालाही ते पटतं, कारण चुका तशाच आहेत, माइकमधून शेजारच्या वाद्याचा आवाज झिरपतो तो तसाच आहे. थिन लिझीच्या लाइव्ह अँड डेंजरसबद्दल किती भाग नंतर स्टुडिओत भरले यावर निर्माता आणि बँड यांच्यात वर्षानुवर्षं वाद चाललाय, इथे तसा वादच नाही. लाइव्ह साउंड करणारा म्हणून मी हे फार मोठं मानतो. आठ ट्रॅक म्हणजे नंतर दुरुस्तीला फारसा वाव नाही, जे होतं ते त्या रात्रीचं.

आता मशीन हेड. तुझा गिटारवाला चिडेल तर त्याला सांग की तिसरा नंबर म्हणजे मी त्याला कमी लेखतोय असं नाही, सात गाण्यांत एकही भरतीचं नाही असे अल्बम हार्ड रॉकमध्ये बोटांवर मोजण्याइतके आहेत. आणि तो कसा झाला हेही माझ्याच मुद्द्याला धरून आहे. 4 डिसेंबर 1971 ला स्वित्झर्लंडमध्ये माँत्रोच्या कॅसिनोत फ्रँक झॅपाचा शो चालू असताना कुणीतरी फ्लेअर गन उडवली आणि कॅसिनो जळाला, पर्पल तिथेच रेकॉर्ड करणार होते. मग पॅव्हिलियन नावाच्या थिएटरात गेले, तिथे स्मोक ऑन द वॉटरचा मूळ ट्रॅक झाला तोवर आवाजामुळे शेजारीपाजारी आणि पोलीस, शेवटी हिवाळ्यासाठी बंद असलेलं ग्रँड हॉटेल मिळालं. कॉरिडॉरमध्ये गाद्या लावून वाद्यं मांडली आणि बाहेर रोलिंग स्टोन्सचा रेकॉर्डिंग ट्रक. ट्रकपर्यंत जायचा रस्ता खोल्या, बाल्कन्या असा फिरून होता, त्यामुळे वाजवलेलं ऐकायला जायचा कंटाळा, मग टेक परत ऐकायचे नाहीत, समाधान होईपर्यंत वाजवायचं. 6 ते 21 डिसेंबर, काम खतम. स्टुडिओच नसलेला हा त्यांचा स्टुडिओ अल्बम आहे आणि म्हणूनच तो त्यांचा सगळ्यात मोकळा वाजतो. पेसच्या ड्रमचा आवाज ऐक, तो त्या कॉरिडॉरचा आवाज आहे, कुठल्या मशीनचा नाही.

मग तिसरा का? कारण सातातली चार गाणी, हायवे स्टार, स्मोक, लेझी आणि स्पेस ट्रकिन, आठ महिन्यांनी जपानमध्ये मोठी झाली. मी मशीन हेड लावतो तेव्हा खरं तर उरलेल्या तिघांसाठी लावतो. मेबी आय अॅम अ लिओमधला तो पहिला ठोका सोडून मागून येणारा रिफ, पिक्चर्स ऑफ होम ज्यात ग्लोव्हरला छोटा बेस सोलो मिळालाय (बेसवाल्या, हा तुझ्यासाठी, आजच बसवायला घे), आणि नेव्हर बिफोर. बँडला वाटलं होतं की नेव्हर बिफोर हिट होईल, तेच सिंगल काढलं, आणि त्याच्या मागच्या बाजूला व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज टाकलं, जे अल्बमवर घेतलंच नाही कारण ब्लॅकमोरला नको होतं. ते गाणं अल्बमवर असतं तर माझा क्रम कदाचित बदलला असता, एवढं ते चांगलं आहे. इन रॉकचं मात्र फक्त एकच गाणं जपानच्या अल्बमवर गेलं, बाकी सहाची जागा दुसऱ्या कशाने भरत नाही.

स्मोक ऑन द वॉटरबद्दल थोडं, कारण ते वाजवताना सगळेच घोळ घालतात. हा रिफ पॉवर कॉर्डचा नाहीये. दोन तारांवर एकत्र, मधलं अंतर शुद्ध मध्यमाचं, म्हणजे षड्जावर मध्यम, आणि पिक न वापरता दोन बोटांनी एकदम खेचायचे, तेव्हाच दोन्ही स्वर एकाच क्षणी सुटतात. पिकने मारला की एक स्वर आधी लागतो आणि रिफ जड होतो. पुढच्या आवर्तनाला लॉर्डचा ऑर्गन त्याच्यावर चढतो, अर्धा जाडपणा त्याचा आहे. तुमच्याकडे कीबोर्ड नसेल तर गिटारवाल्याने गेन वाढवून भागणार नाही, तुला बेसवर थोडी धार आणावी लागेल. आणि हे गाणं जगभर पोचलं ते कसं, तर अल्बम मार्च 1972 चा, सिंगल अमेरिकेत 1973 ला, मेड इन जपान तिकडे निघाल्यावर, एका बाजूला स्टुडिओचं आणि दुसऱ्या बाजूला जपानचं, आणि चौथ्या नंबरला गेलं. म्हणजे मशीन हेडला अमेरिकेत दुसरा जन्म मिळाला तोही त्या लाइव्ह अल्बमच्या धक्क्याने.

फायरबॉलचा उल्लेख प्रश्नात नाही पण भांडणात तो येतोच, म्हणून एक व्यावहारिक गोष्ट. ब्रिटनच्या कॉपीवर डीमन्स आय आहे आणि अमेरिकेच्या कॉपीवर त्याच्याजागी स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन, त्यामुळे दोन माणसं फायरबॉलवर भांडतात तेव्हा दोघांच्या डोक्यात वेगळा अल्बम असू शकतो, आधी ते विचारून घ्या. तसंच इन रॉकची कॉपी बघताना स्पीड किंगच्या आधी तो सगळ्या वाद्यांचा गोंगाट आहे का बघ, जुन्या अमेरिकन कॉपीत तो कापलेला होता, आणि तो गोंगाट नसेल तर अल्बमचं तोंडच नाही. ब्लॅक नाइट तर मूळ इन रॉकवर नाहीच, ते वेगळं सिंगल, पण नंतरच्या सीडीवर जोडलंय म्हणून बरेच जण ते मोजतात. फायरबॉल मला आवडतो, गिलनलाही तो जवळचा वाटतो, पण टूरच्या मधे तुकड्या तुकड्यात झालाय आणि ते ऐकू येतं. हू डू वी थिंक वी आरबद्दल न बोललेलं बरं, वुमन फ्रॉम टोकियो सोडलं तर तिथे थकलेली माणसं आहेत. गिलन आणि ग्लोव्हरचा शेवटचा शो 29 जून 1973 ला झाला, तोही ओसाकाला.

बर्न. तुझ्या गाणाऱ्याचा हट्ट मला समजतो आणि मी त्याला चुकीचं म्हणणार नाही. डेव्हिड कव्हरडेल रेडकारला कपड्यांच्या दुकानात काम करत होता, त्याला घेतला, ट्रॅपीझमधून ग्लेन ह्यूज आला, तो बेसही वाजवायचा आणि गायचाही, आणि एकदम दोन गळ्यांचा बँड झाला. नोव्हेंबर 1973 ला परत माँत्रो, परत तोच स्टोन्सचा ट्रक, परत बर्च. शीर्षकगीतात पेस जवळजवळ अख्खं गाणं ड्रमचा सोलो वाजवतोय आणि तरी गाणं सांडत नाही, तुमच्या ड्रमरला ते नुसतं वाजवून बघायला सांग, इन रॉकचं भूत थोडं उतरेल. यू फूल नो वनमधला तो घंटीचा ठेका आहेच, आणि मिस्ट्रीटेड आहे, ब्लॅकमोरचं ब्लूजमधलं सगळ्यात खोल काम. गाणाऱ्याच्या कानाने बघितलं तर बर्न पहिला येऊ शकतो, कारण गिलनसारखी किंकाळी जन्माने मिळावी लागते आणि कव्हरडेलसारखं गाणं शिकून बऱ्यापैकी जवळ जाता येतं. माझ्या यादीत तो चौथा आहे ते एवढ्याचसाठी की दुसरी बाजू शेवटाला जरा ढिली पडते, शेवटचा सिंथेसायझरचा ट्रॅक मी कधीच पूर्ण ऐकत नाही.

पुढचं पटकन. स्टॉर्मब्रिंगरमधलं सोल्जर ऑफ फॉर्च्यून अप्रतिम, अल्बम विस्कळीत. ब्लॅकमोरच्या जागी आलेल्या टॉमी बोलिनचा कम टेस्ट द बँड लोक पर्पलचा मानत नाहीत, पण नाव झाकून ऐकला तर 1975 मधला फार चांगला अल्बम आहे. 1984 चा परफेक्ट स्ट्रेंजर्स म्हणजे मार्क टूचं पुनर्मीलन, त्यातली दोन गाणी, शीर्षकगीत आणि नॉकिंग अॅट युअर बॅक डोअर, कुठल्याही जुन्या गाण्याच्या शेजारी बसतात, बाकीची तेवढी नाहीत. मोर्सबरोबरचा 1996 चा परपेंडिक्युलर हा मला उत्तरकाळातला सगळ्यात मनापासून केलेला अल्बम वाटतो, समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग ऐकलं नसेल तर आधी ते. आणि 2013 पासून निर्माता बॉब एझ्रिनबरोबर जे अल्बम आले ते म्हाताऱ्या माणसांनी वय न लपवता वाजवलेले आहेत, जॉन लॉर्ड 2012 ला गेला, पण बँड त्याने 2002 लाच सोडला होता, तेव्हापासून त्याच्या जागी डॉन एअरी आहे आणि तो ती जागा फार आदराने सांभाळतो.

मेड इन जपानची कुठली कॉपी ऐकायची हा प्रश्न पुढे येणारच. मूळ सात गाण्यांची घे. 1998 च्या सीडीबरोबर दुसऱ्या डिस्कवर ब्लॅक नाइट, स्पीड किंग आणि लुसील आहेत, ती शोच्या शेवटी परत बोलावल्यावर वाजवलेली, ती नंतर ऐक. 1993 ला तिन्ही रात्रींचं जवळपास सगळं तीन सीडीवर निघालं, ते अभ्यासासाठी सोनं आहे, एकच गाणं लागोपाठच्या रात्री कसं बदलतं ते समोरासमोर दिसतं, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याने तिथून सुरुवात करू नये, निवड करायला बर्च, ग्लोव्हर आणि पेसने जे कान लावले ते उगाच नव्हेत.

बँडमधला वाद मिटवायचा असेल तर एक संध्याकाळ बसा आणि गाणं गाण्यासमोर लावा, आधी स्टुडिओचं, लगेच स्टेजचं. स्पेस ट्रकिनपासून सुरू करा, मध्ये कुणी बोलायचं नाही, वीस मिनिटं पूर्ण होऊ द्या. आणि गाणाऱ्याला एकटं पाडू नका, त्याच्यासाठी 1976 ला निघालेला मेड इन युरोप आणा, एप्रिल 1975 चे शो आहेत, ब्लॅकमोरचे जाण्याआधीचे शेवटचे दिवस, त्यातलं मिस्ट्रीटेड बर्नवरच्यापेक्षा चारेक मिनिटांनी लांब आहे आणि कव्हरडेल त्यात जसा गायलाय तसा तो स्टुडिओत गायलेला नाही. त्याच्या बर्नच्या बाजूचा सगळ्यात तगडा पुरावा त्याला तिथे मिळेल, आणि तोही लाइव्ह अल्बमवरच.